व्हायोलिन घडवणाऱ्याची मुलं

गेल्या शनिवारी सकाळी माझ्या लेकीला, इराला, आणि तिचं व्हायोलिन घेऊन अवोन्डेल उपनगरात गेले. सोमवारी तिची व्हायोलिनची परीक्षा, आणि आदल्याच संध्याकाळी व्हायोलिन तिच्या हातून पडलं... वरून ओरखडाही नाही, पण आवाज पार बसलेला.

रॉन तिथे घरामागच्या गॅरेजमध्ये व्हायोलिनं दुरुस्त करतो. ऐंशी उलटलीय. मदतीला मुलगी जूडिथ, तीही पन्नाशीपुढची. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे नवे केस लावणं, साफसफाई, पॉलिश तिच्याकडे... व्हायोलिनच्या आतलं काम मात्र फक्त रॉनचं.

"आतली काडी पडलीय," तो म्हणाला. व्हायोलिनच्या पोटात एक छोटी लाकडी काडी नुसत्या दाबावर उभी असते. ती पडली की आवाज मरतो. इटालियन लोक तिला 'आत्मा' म्हणतात म्हणे.

इटलीचं नाव निघालं, आणि रॉन नेहमीसारखा त्याच्या लाडक्या कारागिराकडे वळला. क्रेमोना गावचा, तीनशे वर्षांपूर्वीचा... जगातली सगळ्यात नावाजलेली व्हायोलिनं त्याची. नव्वदी ओलांडली तरी लाकूड तासत होता.

मी आपलं सहज विचारलं, "आणि त्याची मुलं काय करायची?" कुणाचाही विषय निघाला की मुलांची चौकशी केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही ना...

रॉन म्हणाला, "दोन मुलगे त्याच्याच हाताखाली होते. तिथेच म्हातारे झाले."

"आणि तो गेल्यावर?"

"स्वतःच्या नावानं काम करायला थोडीच वर्षं मिळाली त्यांना. त्यांच्या हातचं कितीतरी काम बापाच्याच नावावर खपलं असणार."

कोपऱ्यात जूडिथ गजावर वाकलेली. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला होता. मला वाटलं, उगाच विचारलं...

रॉननं तारा सैल केल्या. वाकड्या सळईच्या टोकाला काडी खोचून ती आत घातली... आणि तशीच बाहेर काढली. मग उठला, आणि व्हायोलिन, सळई, सगळं जूडिथच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"तू बसव."

"डॅड, हिची परीक्षा आहे सोमवारी."

"म्हणूनच."

तो येऊन आमच्याशेजारी बसला, हाताची घडी घालून. मध्येच एकदा पुढे झुकला, काहीतरी सांगणार असं वाटलं... पण पुन्हा मागे टेकला.

जूडिथनं काडी बसवली, तारा ताणल्या, वाजवून पाहिलं. पसंत पडलं नसावं. पुन्हा तारा सैल करून काडी अगदी केसभर सरकवली, आणि व्हायोलिन इराकडे दिलं.

इरानं एक स्केल वाजवला. "आई, हीप्स बेटर! कितीतरी छान वाजतंय, पडायच्या आधीपेक्षाही."

जूडिथ रॉनकडे बघत होती.

"मी थोडी डावीकडे बसवली असती," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "पण हे चांगलं लागलंय."

जूडिथ सळई पुसत राहिली... कितीतरी वेळ.

डिजिटल कॅमेरा घरीच राहिला, नाहीतर दोघांचा फोटो इथे टाकला असता. इराची परीक्षा छान झाली.

हातात जीव असताना आपलं काम दुसऱ्याच्या हाती देणं किती जड जातं, ते त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. आणि तरी ते देता येतं, हेही... रॉननंच दाखवलं.