पालखीपुढे लघवीची पिशवी

"ह्याला गोठ्यामागे न्या रे. देव येतोय, आणि ह्याची मुताची पिशवी काय लोंबत्येय!"

आप्पा बागायतदार घरापुढच्या अंगणात, भर खळ्यात बोलले. शिमग्याची पालखी त्यांच्या दारी येत होती, गाव जमला होता. दोघांनी मला चाकाच्या खुर्चीसकट उचललं. त्यातला एक माझ्या जोडीने पालखी नाचवायचा. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी आप्पांच्याच बागेत आंबे काढायचो. फांदी मोडून त्यांच्याच कलमावरून पडलो, मणका मोडला. पाय गेले. पायांचं दुःख लोकांना कळतं. लघवी लागलेली कळत नाही, थांबवता येत नाही, हे कुणाला सांगणार? गोठ्यामागे बसून मी देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं ऐकलं. कलमांना मोहोर येऊ दे, आप्पांच्या मुलाबाळांना सुखी ठेव. माझं नाव नव्हतं. मागोमाग आलेल्या बायकोने पिशवीवर पदर टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फांदी मोडल्याचा आवाज अजून येतो. जेवताना येतो, कुणी सुपारी फोडली तरी येतो. कमरेखालचा मी त्या झाडातच राहिलोय असं वाटतं.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून बारीक वीज सोडली. "हा प्रयोग आहे. गुण येईलच असं नाही," त्यांनी आधीच सांगितलं. कितीतरी दिवस काहीच नाही. मग एकदा ओटीपोटात काहीतरी दाटलं. मी घाबरलो. गेलेलं माणूस अचानक दारात उभं राहावं तसं. "बाई, मला लागलीय!" मी ओरडलो. थोडी, अगदी थोडी, माझी मी केली. ढसाढसा रडलो.

पुढच्या शिमग्याला खळ्यात पुढे बसलो. पिशवी होतीच, अजून भरवसा नव्हता.

आप्पा हसले. "काय रे, शॉक घेतोस ना? पिशवी सुटली की बस पुढे. तोवर मागेच बरा."

माझं डोकं फिरलं. म्हणजे बरा झालो तरच मी माणूस?

"नाय आप्पा. तुमच्या झाडावरनं पडलोय. हितंच बसणार."

खुर्चीचा ब्रेक लावला. बायको पदर पुढे करू लागली, मी तिचा हात धरला. ढोल वाजत होते. पिशवी भरत होती, सगळ्यांना दिसत होती. मला उचलायला कुणी पुढे आलं नाही.

वीज लागू पडेल, न पडेल. फांदीचा आवाज तर येतच राहणार. मला उठता येत नाही, हे खरं. पण यापुढे मला कुणी उठवायचं नाही.