आमचं गाव निरंक

वाडीत पोफळींच्या बुंध्याशी ठेवलेले काळे पेले मला दिसले, त्यांत पाणी दिसलं, आणि मी तडक जाऊन प्रत्येकात दोन-दोन गप्पी मासे सोडले.

हे मासे आमच्या विहिरीजवळच्या हौदात असतात. आरोग्य केंद्राने दिलेले, डासांच्या अळ्या खाणारे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. अंडी, अळी, कोष, डास या चार अवस्था इतकी वर्षं फळ्यावर काढतोय की माझा डास आता फार देखणा येतो, मुलं तो पुसायला तयार नसतात. असा माणूस साचलेलं पाणी बघून गप्प कसा बसेल? हात पुसत घरात आलो आणि तांदूळ निवडत बसलेल्या बायकोला म्हणालो, "कोणीतरी वाडीत पेले टाकून गेलंय. पर्यटकच असणार. लाज म्हणून नाही लोकांना. पण मी बंदोबस्त केलाय."

"कसला बंदोबस्त?"

"मासे सोडले."

तिचा सुपातला हात थांबला. "अहो, ते पेले त्या संशोधनवाल्या मुलीचे आहेत. डास मोजायला ठेवलेत. सोमवारी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला?"

"तुम्हालाच. तुम्ही 'बरं' म्हणालात."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, पाठीवर सॅक, पायात गमबूट. पेल्यात वाकून बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली. मग तिने मला समजावून सांगितलं, आणि एका विज्ञानशिक्षकाला हे समजावून सांगावं लागतंय याचं आश्चर्य तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, हे तिचे उपकार. पेल्याच्या कडेला कापडाची पट्टी लावलेली असते. दिवसा चावणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला डास त्या पट्टीवर अंडी घालतो. आठवड्याने अंडी आणि अळ्या मोजायच्या, प्रयोगशाळेत त्यांचे डास होऊ द्यायचे, आणि त्यांच्यात चिकुनगुनियाचा विषाणू आहे का ते तपासायचं.

"काका, माझा सगळा आठवडा माशांनी खाल्ला," ती म्हणाली आणि हसली. हसण्यापेक्षा रडणं सोपं गेलं असतं तिला.

मी ओशाळून तिला पडवीत बसवलं. वाडीत पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे पानांचे रुंद देठ, पडल्या होत्या, त्या होडीसारख्या असतात आणि त्यांत पाणी साठतं, त्यातल्या अळ्या मी स्वतः गाळून देतो असं कबूल केलं. बायकोने कोकमाचं सरबत आणलं. ती पेला दोन्ही तळहातांत दाबून धरते, बोटांनी नाही. मला त्याची सवय झाली होती. मुलीला नव्हती.

"काकू, सकाळी मुठी वळतात का तुमच्या?"

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "वळतात की. साडेनऊनंतर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. ताप आला होता, त्यानंतर."

"वय झालं आता आमचं," मी म्हणालो. आमच्या घरात हे वाक्य तोपर्यंत औषधासारखं दिवसातून दोनदा वापरलं जायचं. ते माझं एकट्याचं नव्हे. एका डॉक्टरांनी बोटं न दाबता सांगितलं होतं, 'या वयात बायकांचं चालायचंच.' दुसऱ्यांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. वजन कमी करून बोटांचे सांधे कसे बारीक होतात हे विचारायचं राहिलं. तिसऱ्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि त्या घेतल्याने पोट बिघडलं तेव्हा चौथ्यांकडे जा म्हणाले. मी प्रत्येक ठिकाणी बाजूच्या खुर्चीत बसून मान डोलावत होतो. विळीवर बसून नारळ खवणं तिने सोडलं. अडकित्ता हातातून गेला. पोफळीच्या वाडीत जन्म काढलेल्या बाईला सुपारी फोडता येईना, आणि मी म्हणत होतो, वय.

मुलीने डायरी काढली. तिचं मूळ काम हेच होतं. डास हा अर्धाच भाग. चिकुनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरतो, पण काही जणांचे सांधे महिनोन् महिने, वर्षानुवर्षं धरलेले राहतात. बायकांत हे जास्त दिसतं. का राहतात, कोणाचे राहतात, विषाणू गेल्यावरही शरीर कशाशी भांडत बसतं, ते शोधायचं. त्यासाठी तिच्या सरांनी दोन तऱ्हेची गावं निवडली होती. एक, जिथे साथ येऊन गेली. दुसरं, तुलनेसाठी, जिथे आलीच नाही.

"आणि आमचं?" मी विचारलं.

"तुमचं दुसरं. सरकारी अहवालात त्या वर्षी तुमचं गाव निरंक आहे."

निरंक. सरकारी कागदावरचा हा मोठा सोवळा शब्द. काही नाही, शून्य, सगळं ठाकठीक.

"न झालेल्यांचं गाव," बायको म्हणाली. एवढंच. आणि सरबताचे पेले उचलून आत गेली.

तिच्या हाताचं रक्त मुलीने त्याच दिवशी घेतलं. खरं तर निरोगी बाई म्हणून, तुलनेसाठी. गावातल्या आणखी बायकांचंही घेतलं. आमच्या आळीत तर त्या सॅकमागे घोळका लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी 'कुठे दुखतं' असं विचारत होतं. नाही तर आमच्याकडे डासांवरचं काम म्हणजे भिंतीवर कावळ्याएवढा डास रंगवायचा, आणि साहेब यायचे असले की आदल्या दिवशी धुराचं मशीन फिरवायचं. धुराने साहेबांच्या वाटेवरचे डास हरिहरेश्वराकडे जातात आणि साहेब गेले की परत येतात.

महिन्याभराने मुलगी अहवाल घेऊन आली. पडवीत बसली, पण सॅक खाली ठेवेना.

"काका, काकूंच्या रक्तात चिकुनगुनियाच्या खुणा आहेत. जुन्या. तो ताप येऊन गेल्यावर या खुणा बरीच वर्षं राहतात." मग म्हणाली, "आणि काकूंच्या एकट्यांच्या नाहीत. इथल्या पुष्कळ बायकांच्या आहेत. हे न झालेल्यांचं गाव नाहीये."

माझ्या बायकोने आपल्या बोटांकडे अशा नजरेने पाहिलं, जसं हरवलेलं काहीतरी दुसऱ्याने आणून हातात ठेवलं असावं. मी मात्र पेटलो.

"मग लिहा तसं! झालेल्यांच्या यादीत टाका!"

"टाकता येत नाही. साथ कधी आली, कोणाला कधी ताप आला, याची नोंदच नाही. माझे सर म्हणतायत, हे गाव आता कुठल्याच यादीत बसत नाही. गाळून टाकू."

"गाळून? गाव आहे की चहा आहे?"

"काका, माझ्यावर नका ओरडू."

खरं होतं. ओरडायचं दुसरीकडेच होतं. या बायकांनी दोन वर्षं सकाळी साडेनऊपर्यंत मुठी वळण्याची वाट बघितली, कण्हत चुली-शेगड्या पेटवल्या, आणि कुठल्याशा टेबलाशी बसून कोणीतरी लिहिलं, निरंक. त्या एका शब्दाने त्यांचं दुखणं दुखणं राहिलं नाही, वय झालं, वजन झालं, मनाचे खेळ झाले. आणि आता शास्त्रसुद्धा त्यांना मोजायला आलं तर तोच शब्द आडवा! मी स्कूटर काढली. त्या निरंक लिहिणाऱ्याला मी उभा जाळणार होतो, शुद्ध मराठीत.

आरोग्य केंद्रात आमच्या गावाची आरोग्यसेविका होती. तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, म्हणून तिने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो, बाहेरच्या रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं. बेजबाबदारपणा हा शब्द तीनदा वापरला. घरोघर न जाता अहवाल भरता म्हणालो. बायकांच्या जिवाशी खेळता म्हणालो.

तिने मला पुरतं बोलू दिलं. मग उठली, कपाटातून एक जाडजूड वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली आणि वही माझ्यासमोर ठेवली.

"सर, तुमी पोरांच्या वह्या तपासता ना? ही बी तपासा."

दोन वर्षांपूर्वीचं दिवाळीचं सर्वेक्षण. माझं घर. घरात कोणास ताप आहे काय: नाही. सांधेदुखी: नाही. पुढे सही. खाली माझी नेहमीची रेघ, डावीकडून उजवीकडे जाऊन टोकाला वळणारी, जी मी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ओढतो.

"मी आले तवा तुमच्या अंगणात पाहुणे घावनं खात हुते," ती म्हणाली. "मी इचारलं, सर, कुनाला ताप? तुमी हळूच म्हनालात, समदी ठणठणीत, जरा लवकर आटपा. मंग मी काय घरात घुसून वहिनींच्या कपाळाला हात लावू?"

माणूस आपल्या सोयीचं किती नीट विसरतो. मला एकदम सगळं दिसलं. आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी भाड्याच्या दोन खोल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्या भरलेल्या होत्या. साथीची बातमी फुटली तर हरिहरेश्वराला जाणारी मंडळी पुढच्या गावात उतरतील, ही धास्ती साऱ्या आळीला होती. आणि ती घावनं, जी अंगणात बसून पाहुणे वाहवा करत खात होते, ती आत तापाने फणफणलेली माझी बायको करत होती. कमरेत वाकून. एक हात ओट्यावर टेकून.

"फक्त माझ्याच घरी 'नाही' लिहिलंय का?" मी विचारलं. आवाज खाली आला होता.

"बगा की." तिने पानं उलटली. नाही, नाही, नाही. "ज्यांच्याकडं पाहुन्यांच्या खोल्या, त्यांच्याकडं ताप न्हाय. दोन घरांनी सांगितला, तर वरून म्हनाले, दोघांसाठी कुठं नमुने धाडता, साधा ताप लिवा. मी लिवला. आता ओरडा."

मी वही मिटून तिच्याकडे सरकवली. वरच्यांचा राग अजून होता, आजही आहे. दोन घरांचा ताप साधा ठरवणाऱ्या त्या माणसाला मी अजून मनात रोज चार शब्द ऐकवतो. पण त्याच्यासाठी काढलेली काडी माझ्याच धोतराला लागली होती, आणि मी तर धोतरही नेसत नाही, तेवढाही आडोसा नाही.

बाहेर येऊन मुलीला फोन केला. कोणी लेखी दिलं तर? कधी ताप आला, काय झालं, नोंद का झाली नाही, असं घराघराने लिहून सह्या करून दिलं तर गाव गाळावं लागेल का? ती म्हणाली, "सरांना विचारते. पण कोणीतरी आधी सुरुवात करायला हवी, काका."

घरी येऊन मी पडवीत कागद घेऊन बसलो. बायको समोरच्या पायरीवर ऊन घेत होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मी सगळं सांगितलं तिला. वही, सही, घावनं. ती तळहात चोळत राहिली, आणि तिला यातलं काहीच नवीन नाही हे माझ्या लक्षात आलं. दोन वर्षं तिला माहीत होतं. आतल्या शेगडीपाशी तिला माझं 'ठणठणीत' ऐकू आलं होतं.

मी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास माझ्या पत्नीस किरकोळ ताप व सांधेदुखी झाली होती. सर्वेक्षणाच्या वेळी ही माहिती अनवधानाने द्यावयाची राहून गेली. तरी कृपया तशी नोंद व्हावी.'

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिने पेन मागितलं. लहान मूल चमचा धरतं तसं मुठीत धरलं, कारण बोटांत धरवत नाही. 'किरकोळ'वर काट मारली. रेघ वाकडी गेली, पण कागद फाटेपर्यंत मारली. मग 'अनवधानाने' शोधलं आणि त्यावरही मारली. कागद माझ्याकडे सरकवला.

"आता पुन्हा लिहा, खरं काय ते," ती म्हणाली. "आणि सहीखाली ती रेघ ओढू नका. मिरवण्यासारखं काही नाहीये त्यात. लिहून झालं की शेजारच्या चार घरी तुम्हीच जा, आणि जाण्याआधी तेवढा नारळ खवून ठेवा."