पुठ्ठ्याचा कीबोर्ड

आमच्या शाळेत संगणक आला तो टेंपोतून, आणि टेंपोच्या पुढे मुलींचं लेझीम होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने तो भेट दिला होता. कारखान्याने स्वतःसाठी नवे आणले तेव्हा जुन्यांतला एक आमच्या वाट्याला आला, पण हे भाषणात कुणी सांगितलं नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एकविसावं शतक त्या काळी प्रत्येक व्यासपीठावर असायचं. प्रमुख पाहुण्यांसारखंच, येणार येणार म्हणून सगळे उन्हात बसलेले. कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, आज या मुलांसाठी जगाचं दार उघडलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि मुख्याध्यापकांनी संगणकाच्या खोलीला कुलूप लावलं.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. मूळचा घाटावरचा, राहायला बोईसरला भाड्याच्या खोलीत, आणि शाळा तिथून पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. बारावीपर्यंत वर्ग होते. विज्ञान शिकवणाऱ्याला संगणक यायलाच हवा असं ठरल्यामुळे मला पालघरला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आम्ही चाळीस शिक्षक होतो आणि यंत्र एक. नऊ दिवस प्रशिक्षकांनी पुस्तिका वाचून दाखवली. संगणक म्हणजे पिठाची गिरणी, दाणे घाला, पीठ घ्या, हे उदाहरण त्यांनी इतक्या वेळा दिलं की मधल्या सुट्टीत सगळ्यांना भूक लागायची. दहाव्या दिवशी रांग लावली. माझ्या वाट्याला एंटरचं बटण दोनदा दाबणं आलं. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर मी संगणक हाताळण्यास पात्र असल्याचं छापलेलं होतं.

आमचा संगणक डेडस्टॉक रजिस्टरात चढला, घंटा आणि पाण्याच्या पिंपाच्या खालोखाल. मुख्याध्यापकांच्या पत्नीने त्याला निळ्या मखमलीचं झालर लावलेलं आच्छादन शिवून दिलं. चपला बाहेर काढायच्या, हात मागे बांधायचे, उंबऱ्यावरून बघायचं. तो सुरू करायची फ्लॉपी कारखान्यातल्या एका माणसाकडे असे. तो सवड होईल तेव्हा स्कूटरवरून यायचा, आणि तो यायचा तेव्हा नेमकी वीज नसायची. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निघालेल्या जाड तारा आमच्या मैदानावरून पुढे जात. पावसाळ्यात त्यांचा घूं घूं आवाज वर्गात ऐकू येई.

पण वेळापत्रकात संगणकाचा तास होता, म्हणून तो शिकवणं भाग होतं. संगणक ज्या खोक्यातून आला ते खोकं मी मागून घेतलं. त्याच्या पुठ्ठ्याचे कीबोर्डच्या मापाचे तुकडे कापले, पुस्तिकेच्या मागच्या पानावरचं चित्र बघून त्यांवर अक्षरं काढली. ते कमी पडले तेव्हा किराणा दुकानातून बिस्किटांची खोकी आणली. संगणकाचा मुलांपर्यंत पोचलेला भाग तो एवढाच. दोघांत एक पुठ्ठा. मी अक्षर पुकारायचो, मुलं ते मोठ्याने म्हणून त्यावर बोट ठेवायची. वर्गात पन्नासावर मुलं, तपासणारा मी एकटा, म्हणून मी एक नियम केला: मी येऊन बघेपर्यंत बोट उचलायचं नाही. पाट्या तपासून होईपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत, हा आमच्याकडचा जुनाच नियम. मी तो पुठ्ठ्याला लावला आणि मला वाटलं, शिकवण्याची नवी पद्धत शोधून काढली.

एका वर्षी शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आले. मी "एम" म्हणालो. पन्नास तोंडांतून एम निघाला, पंचवीस बोटं पुठ्ठ्यांवर टेकली आणि तशीच राहिली. मी रांगांतून सावकाश फिरलो. साहेब भारावले. शेरेपुस्तकात त्यांनी लिहिलं, "संगणकशिक्षणातील शिस्त वाखाणण्याजोगी." मुख्याध्यापकांनी तो शेरा चौकटीत लावला. मलाही बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. पोकळ समारंभाची चेष्टा करणाऱ्या माणसाला स्वतःचा सत्कार मात्र सहसा पोकळ वाटत नाही.

या वर्गात एक मुलगी होती. डोंगरातल्या पाड्यावरून पाऊण तास चालत यायची. घरी पावसावरची थोडी भातशेती. दिवाळी झाली की आईबाप वसईकडच्या वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. तेवढे महिने ती मामाकडे राहून शाळा करायची. मध्ये दोन वर्षं भट्टीवर गेल्यामुळे वयाने इतरांपेक्षा मोठी होती. पुठ्ठ्यावर ती सगळ्यांत तरबेज. डोळे मिटूनही अक्षर बरोबर सापडायचं. अकरावी-बारावी अशी दोन वर्षं तिने माझ्या पुठ्ठ्यावर काढली, आणि बारावी पास झाली. तिच्या पाड्यावरची ती पहिली.

त्याच पावसाळ्यात कारखान्याने कळवलं की त्यांच्या भांडारात मालाच्या नोंदी संगणकावर चढवायला एक मुलगी हवी आहे, आणि भेट दिलेल्या शाळेला आधी विचारायचं मॅनेजरांनी ठरवलं आहे. साधी चाचणी होईल, पास झाली तर जागा तिची. मी तिच्या पाड्यावर गेलो. तिचा बाप बांधावर बसून बिडी ओढत होता.

"औंदा मामाचाय घर नाय," तो म्हणाला. "मामा पन भट्टीवर जातो. दोन बारकी पोरां हायत, त्यांना तिकडं कोन बघल? नोकरी लागली त ती ऱ्हाल बोयसरला. नाय त आमच्यासंग येल."

"आणि एकदा भट्टीवर आली म्हणजे?"

"मंग काय, गुरुजी. लगीनच."

मुलगी दारात उभी होती. आई आतून म्हणाली, "गुरुजींना इचार, लागल का नक्की?"

"लागेल," मी म्हणालो. "हिच्याइतकं कुणालाच येत नाही."

चाचणी दसऱ्यानंतर होती. तोवर ती रोज शाळेच्या ओट्यावर पुठ्ठा घेऊन बसायची. मी शब्द सांगायचो, ती अक्षर म्हणून बोट ठेवायची, मी बघायचो, मग ती पुढच्या अक्षराकडे जायची. एक दिवस तिने विचारलं, "सर, खरा असाच हाय ना?"

"अगदी असाच. फक्त बटणं जरा उंच असतात."

त्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटलं, "तिला एकदा आपल्या यंत्रावर बसू द्या. कारखान्याच्या माणसाला निरोप धाडून फ्लॉपी मागवतो."

"सर, तिच्या हातून काही झालं तर वर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

यावर "हो, मी देईन" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बरं, बघू." नोकरी करणाऱ्या माणसाच्या तोंडी हे दोन शब्द इतके बसलेले असतात की ते आपोआप निघतात.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शकही होता. काचेच्या कपाटात. मुलं त्याची सुबक आकृती काढायची आणि त्यातून काय दिसतं ते पुस्तकातून पाठ करायची. मीही माझ्या शाळेत तसाच शिकलो होतो. तिच्या पाड्यावर पोरांना नदीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला शिकवताना कुणी पुठ्ठ्यावर चिंबोरी काढत नव्हतं. हात बिळात घालायला लावायचे, चावली तर चावली. हा विचार मला तेव्हा सुचला असता तर किती बरं झालं असतं. तेव्हा मी शिक्षणावर एक लेख लिहीत होतो.

चाचणीच्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. भांडाराच्या कचेरीला काचेची भिंत होती, आत वातानुकूलन. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. काचेतून सगळं दिसत होतं आणि दार उघडं असल्यामुळे ऐकूही येत होतं. अधिकारी उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, चांगले होते. तिने चपला दाराबाहेर काढल्या तेव्हा म्हणाले, "अरे बेटी, पहनके आओ, मंदिर थोड़े ही है." ती अनवाणीच आत गेली.

त्यांनी दहा वस्तूंची यादी तिच्यापुढे ठेवली. पहिला शब्द बेअरिंग. तिने खाली पाहिलंही नाही. "बी" असं मोठ्याने म्हणाली आणि बोट नेमकं त्या अक्षरावर गेलं. "वाह," साहेब म्हणाले.

तिने बोट उचललं नाही.

मला तोवर माहीत नव्हतं की बटण दाबून धरलं तर यंत्र थांबत नाही. प्रमाणपत्र मिळालेल्या मला हे माहीत नव्हतं. पडद्यावर एक बी उमटला, मग एकामागून एक बी धावत सुटले, रकाना भरला, आणि यंत्र टूं टूं करून ओरडायला लागलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोघी हसल्या. "छोड़ो, छोड़ो!" साहेब म्हणाले. ती घाबरली, पण बोट तसंच. घाबरल्यावर माणूस शिकलेल्या गोष्टीला जास्तच घट्ट धरतो. तिने मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी तपासलं नव्हतं.

मी बाकावरून उठलो आणि हाताने खूण केली: उचल.

साहेबांनी रकाना पुसला, शांतपणे समजावलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं. या वेळी बी एकच आला. मग ई वर ती पुन्हा थांबली, पुन्हा यंत्र ओरडलं. दोन वर्षांची सवय पाच मिनिटांत जात नाही. त्यानंतर तिने भीतभीत इतकं हलकं बोट लावायला सुरुवात केली की अक्षरच उमटेना. प्रत्येक अक्षर मात्र ती मोठ्याने म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी बोट बरोबर जागेवर होतं. पंधरा मिनिटांत दोन शब्द झाले.

साहेब बाहेर आले. "मास्टरजी, लड़की होशियार है. सब अक्षर मालूम है. पर ऐसा किसने सिखाया इसको?"

"स्कूल में ऐसाही सिखाते हैं," मी म्हणालो. मैंने सिखाया, असं म्हणता आलं असतं. दोन शब्दांचंच काम होतं.

मी आठवडाभर मुदत मागितली. इथल्याच एखाद्या यंत्रावर सराव करू द्या म्हटलं.

"यहाँ तो मशीन खाली नहीं रहती," ते म्हणाले, आणि खरोखरच न कळून विचारलं, "लेकिन आपके पास तो है ना? हमने दिया हुआ?"

कारखान्याच्या फाटकाबाहेर पहिल्या पाळीचे लोक सुटले होते. आम्ही त्यांच्या गर्दीतून रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. थांब्यावर ती म्हणाली, "सर, तुमी बगितला नाय म्हनून मी धरून ऱ्हायले."

"हो," मी म्हणालो.

"तिकडं तपासाय कोनीच येत नाय?"

"नाही. तिथे कुणी येत नाही."

तिने मान हलवली. माझ्या सगळ्या वर्षांत त्या विषयातली मी शिकवलेली ती पहिली खरी गोष्ट असावी.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. यंत्र ओरडल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "बघा! आपल्या यंत्रावर बसवली असती तर?" पुढच्या बैठकीत मी पुठ्ठे बंद करून मुलांना यंत्रावर बसवण्याचा प्रस्ताव मांडला. तो पुढील बैठकीसाठी राखून ठेवला. पुढच्या बैठकीत स्नेहसंमेलनाचा विषय होता. आठवड्याने तासाला मी मुलांना सांगितलं, बोट लावा आणि लगेच उचला. मुलं गोंधळली. एकाने विचारलं, "सर, मंग आमचा बरोबर हाय का नाय, तुमाला कसा कळल?" मी पुढचं अक्षर पुकारलं. महिन्याभरात आम्ही सगळे जुन्या पद्धतीवर आलो होतो. कारखान्याने ती जागा बोईसरमधल्या एका खाजगी क्लासच्या मुलीला दिली. तिथे फी होती आणि यंत्रं होती.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. समजूत घालायला जावं असं काही माझ्याकडे नव्हतं. भट्टीवाल्याचा ट्रक रस्त्याला उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी चढत होती. ती हौद्यात उभी राहून वरून बोचकी ओढून घेत होती.

बाप ट्रकवरून खाली उतरला. रागावलेला नव्हता. "गुरुजी, यक इचारायचा व्हता," तो म्हणाला. "पोर सांगते, सगली अक्षरां बरोबर आली. मंग काय चुकला तिचा?"

"तिचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं. मी चुकीचं शिकवलं."

तो हसला. थोरामोठ्यांनी दुसऱ्याचा दोष आपल्यावर घेतला की साध्या माणसाने संकोचून हसावं, तसं. "तुमचा कसा चुकल? तुमी त गुरुजी." मग वर बघून तिला म्हणाला, "बग, तुज्यासाटी आपल्या अंगावर घेतात. उतर, पाया पड."

ती उतरली आणि पाया पडली. मी नको म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तेही त्यांना माझ्या मोठेपणातच जमा वाटलं असतं. मग दोन्ही धाकट्या भावांना तिने काखेत धरून वर चढवलं, शेवटी स्वतः चढली, आणि ड्रायव्हरने हाक दिल्यावर खाली बसली.