आपल्याकडचा वारा

म्हैसूरला वारा आठवतो तो आषाढात, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीवर जाऊन पडतात तेव्हा. एरवी त्याची चौकशी कोणी करत नाही. मी मात्र रोज सकाळी सहाला, कॉफीच्याही आधी, उडुपीच्या पुढच्या एका समुद्रकाठच्या गावचा वारा मोबाइलवर बघतो.

तिथे आमची मुलगी असते. इथल्या हेब्बाळच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती लोकांना फळीवर उभं राहून समुद्रात वल्हं मारायला शिकवते. तिने हे सांगितलं तेव्हा मी नको नको ते बोललो. तीन महिने ती फक्त तिच्या आईशी बोलत होती. मग आम्ही दोन दिवस तिच्याकडे जाऊन आलो आणि निदान वाऱ्याबद्दल तरी बोलू लागलो.

त्या दोन दिवसांत मी पाहिलं, की दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि लाटा उसळतात. सकाळी तो जमिनीकडून येतो, आणि पाणी ताटासारखं सपाट असतं. तेवढ्यावर मी नियम करून टाकला. बेळगोळच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनवरचे काटे वाचले होते, मोबाइलवरचे बाण वाचायला कितीसा वेळ लागणार! बाण समुद्राकडून असला की मेसेज जायचा, ‘दुपारी सोळा नॉट. उतरू नकोस.’ पूर्वेकडून, म्हणजे आमच्या बाजूने असला की, ‘आज आपल्याकडचा वारा. बिनधास्त जा.’ ती उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवायची. मला तेवढा पुरायचा.

“एकदा समुद्र बघितला, आणि निघाले हवामान सांगायला,” बायको म्हणायची. “सुम्ने बसा हो गप.”

गेल्या जानेवारीत एका सकाळी पूर्वेचा वारा बारा नॉट दाखवत होता. मी नेहमीचंच लिहिलं. त्या दिवशी अंगठा आला नाही. नऊला बायकोने फोन लावला, उचलला नाही. दहालाही नाही. “वारा आपल्याकडचा आहे, काळजी कसली करतेस?” असं मी तिला तीनदा सांगितलं, शेवटी तर चिडून. अकरापर्यंत बारा नॉटचे वीस झाले होते. बाण मात्र हलला नव्हता, आणि त्या बाणाकडे बघून मी निर्धास्त होतो. याची मला अजून लाज वाटते.

साडेबाराला तिचा फोन आला. आवाज बसला होता. शिकणारे यायच्या आधी ती एकटीच पाण्यात गेली होती. वारा वाढला, आणि कितीही वल्हं मारलं तरी काठ लांबच जात राहिला. शेवटी फळीवर पालथी पडून हातांनी पाणी ओढत होती, तेव्हा परतणाऱ्या एका मासेमारी बोटीने तिला वर घेतलं. फोन खोलीवरच राहिला होता.

“पण वारा तर आपल्याकडचा होता,” मी म्हणालो.

“तोच समुद्रात आत नेतो, अप्पा. समुद्राकडचा वारा उलट काठाला आणून टाकतो.”

मी खुर्ची ओढून बसलो. दीड वर्ष मी माझ्या लेकीला नेमक्या त्याच वाऱ्यात बिनधास्त जा म्हणून सांगत होतो.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“मी माझं बघूनच उतरायचे हो. आज माझाच अंदाज चुकला.” मग ती म्हणाली, “नोकरी सोडली तेव्हा तुम्ही ‘बिनधास्त जा’ म्हणावं असं वाटत होतं. नंतर रोज लिहायला लागलात. चूक दाखवली असती तर तुम्ही लिहिणंच सोडलं असतं, अल्वा? सोडलं असतं ना?”

खरंच सोडलं असतं. स्वतःचा स्वभाव मला ठाऊक आहे. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला आधी काहीतरी गरम खाऊन घे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहाला मोबाइल उघडला. बाण पुन्हा पूर्वेकडूनच होता. मी लिहिलं, ‘आज आपल्याकडचा वारा. उतरू नकोस.’ ते पाठवलं. पाठवून झाल्यावरही फोन खाली ठेववेना, म्हणून आणखी एक ओळ लिहिली, ‘वारा पडला की बिनधास्त जा.’