केशरबाईच्या कपाळावरचा रंग

औंढ्याच्या बाजारात जळबा पेंटरला सगळे ओळखत ते अक्षरासाठी. दुकानाची पाटी असो, ट्रकच्या मागचा शेर असो की सोसायटीच्या भिंतीवरची सूचना, जळबाच्या हातचं अक्षर लांबून वाचून घ्यावं. पण माणसाचं तोंड काढायची वेळ आली की हेच लोक फोटो खिशात घालून परभणीची गाडी धरत. जळबानं एकदा सरळ विचारलं, तेव्हा कापडवाले माणिकराव गादीवरून म्हणाले, "अक्षर तुझं मोत्यावानी हाय जळबा. पण फोटोवरून चित्र काढणं, ते घराण्याचं काम असतं बाबा."

जळबाचं घराणं कोणतं, हे माणिकरावांना पक्कं ठाऊक होतं. जळबानं त्या वेळी ब्रश दातात धरला होता म्हणून तोंडातून काही निघालं नाही. एरवी निघालं असतं, आणि बाजारानं ते महिनाभर चघळलं असतं.

अशात एके दिवशी भीमनगरातल्या बाया त्याच्या टपरीपुढं येऊन उभ्या राहिल्या. पुढारपण शालूबाईकडं. तिनं पदराची गाठ सोडून एक फोटो काढला.

"ह्यातली आमची केशरबाई मोठी करून दे. रंगीत."

बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर याच बाया खडी फोडत होत्या. लेकरं उन्हात करपत होती. केशरबाईनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, सावलीला मांडव पडल्याबिगर दगड फुटणार न्हाई. तिच्यामागं सगळ्यांनी हातोडे ठेवले. दोन दिवसांत मांडव पडला. आता वस्तीत विहाराला लागून बायांची खोली बांधून झाली होती, आणि तिथं केशरबाईचं चित्र लावायचं ठरलं होतं.

"गेली का काय ती?" जळबानं विचारलं.

"तुह्या तोंडात माती. चांगली धडधाकट हाय. मेल्यावर हार घालाया समदं गाव येतं. आमाला तिच्या डोळ्यादेखत लावायचंय."

जळबाला हे फार आवडलं. तो फोटो घेऊन तडक माणिकरावांच्या दुकानात गेला. "हे तोंड बराबर बसलं न्हाई, तर जलमभर पाट्याच रंगवीन. रविवारी या, वस्तीत, पाहायला." माणिकराव हसले, पण येतो म्हणाले.

बोलून तर बसला. मग नीट पाहिलं. फोटो रस्ता पुरा झाला तेव्हाचा, टोपीवाल्या साहेबाचा. केशरबाई पार कडेला, साहेबाच्या कोपराआड अर्धी. चेहरा बोराएवढा. जळबानं फोटोवर आडवे-उभे दोरे ताणून चौकटी पाडल्या, तेवढ्याच, पण मोठाल्या चौकटी फळीवर आखल्या, आणि भिंग डोळ्याला लावून एकेक घर उतरवत गेला. फोटोत नाकाची सावली म्हणजे नुसता डाग होता. तिथं त्यानं ब्रशची एकच ठाम रेघ ओढली आणि नाक उभं राहिलं. साहेबाला कोपरासकट वगळलं आणि त्या जागी केशरबाईला तिचा खांदा परत दिला. हे करताना तो एकटाच मोठ्यानं हसला.

रंगाची पंचाईत होती. फोटो काळा-पांढरा. शालूबाईला त्यानं सतरांदा विचारलं. लुगडं कोणतं? हिरवं. काठ? तांबडा. बांगड्या? काचेच्या न्हाई, पितळी. हनुवटीवरचे तीन ठिपके गोंदणाचे, हे त्याचं त्यालाच कळलं. कपाळावर मधोमध मोठा काळा ठिपका होता. ते कुंकू. बाईमाणसाच्या कपाळाचं काय विचारायचं? डब्यातला सगळ्यात झणझणीत लाल त्यानं तिथं भरला.

रविवारी वंदना झाली आणि खोलीत चित्रावरचा कपडा काढला. बाया आधी खदखदून हसल्या. "अगं, साह्यब कुठं गेला?" "गेला बदलीवर." दारात माणिकराव चपला काढून उभे होते, त्यांनीही मान हलवली. जळबाची छाती वर आली. मग एकेक करत बाया चित्राच्या कपाळाकडं पाहू लागल्या.

"कपाळाला काय लावलं रे?" शालूबाईनं विचारलं.

"कुकू."

"तिचा मालक कवाच वारला."

जळबा तडकला. "मंग सांगितलं काहून न्हाई?"

"तू इचारलं का? काठ इचारला, बांगड्या इचारल्या. कपाळ कोणाला इचारलं?"

माणिकराव दारात खाकरले. एक म्हातारी म्हणाली, पुसा आधी ते, पाहवत न्हाई. तर चांगुणा नावाची वस्तीतली सून, दोन बुकं शिकलेली, उसळलीच. "काहून पुसायचं? लाल शोभून राहिलं. नवरा मेला म्हणून बाईनं कपाळ कोरं ठेवायचं, हा कोणाचा कायदा?" झालं. अर्ध्या बाया इकडं, अर्ध्या तिकडं. जळबाला वाटलं, ट्रकच्या मागं 'बुरी नजरवाले' लिहीत बसलो असतो तर बरं झालं असतं.

केशरबाई भिंतीला टेकून बसली होती. उठली. "मह्या कपाळाचा निकाल तुमी लावून राहिल्या. मला कोणी इचारता का न्हाई?"

ती चित्रापाशी गेली, आपलं कपाळ बोटानं दाखवलं. "हे गोंदण हाय. मायनं गोंदलं, मी परकरात होते तवा. चांगुणे, तुहं खरं हाय. पण हे नवऱ्याचं नव्हंच. त्याच्या आधीचं हाय. लाल असतं तर त्याच्यासंगं पुसून गेलं असतं. हे गेलं न्हाई." मग जळबाकडं वळली. "हिरवं कर. हितंच. मी बसते."

जळबानं आजवर कुणाला समोर बसवून तोंड काढलं नव्हतं, आणि आता दारात माणिकराव होते. त्यानं लाल खरवडला. हिरव्यात थोडं काळं, थोडं निळं घातलं. मग पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. ठिपका कडेला शाईसारखा जरा फुटला होता, जुन्या गोंदणासारखा. उजव्या भुवईत खडीचा वण होता, फोटोत तो दिसलाच नव्हता. त्यानं ठिपक्याची कड फोडली. न विचारता हात भुवईकडं निघाला, पण थांबला.

"हा वण घेऊ का?"

"घे की. फुकट पडला का तो?"

काम झालं. केशरबाई चित्राशेजारी उभी राहिली. म्हातारी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहून म्हणाली, "आता दोघी झाल्या."

माणिकराव चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "जळबा, आमच्या तात्यांचा एक फोटो हाय घरी."

"तात्या हायेत का?"

"हायेत."

"मंग तात्यालाच आणा. फोटो राहू द्या."

तोवर शालूबाईनं पुढ्यात बसकण मारली होती. "आधी महं. पण नाक जरा बारीक काढ."

"नाक हाय तेच निघल."

शालूबाईनं पदर सारखा करून मान ताठ केली. "काढ मंग."