कागदी कपातला चहा

जुनं प्लॅस्टर खरवडलं की चुन्याचा ओलसर वास सुटतो. आज साइटवर तो वास आला आणि मला बिडकीनचं ते घर आठवलं.

तेव्हा आर्किटेक्ट होऊन मी नुकतीच संभाजीनगरच्या एका ऑफिसात लागले होते. जुन्या घराचं काम घेतलं की आमचे सर रोज सकाळी आधी घरच्यांसोबत चहा घ्यायचे आणि मगच मापं घ्यायला टेप काढायचे. माणसं कळल्याशिवाय घर कळत नाही, असं ते म्हणत.

बिडकीनला पहिल्याच दिवशी घरच्या काकूंनी कौतुकानं विचारलं, "लई हुशार दिसती गं पोरगी. आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं. "बरं बरं," म्हणत त्या आत गेल्या. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपबशा होत्या आणि मला एकटीला कागदी कप.

सरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. चूक माझीच असल्यासारखी मान खाली घालून मी तो चहा प्यायले. परतताना गाडीत सर एवढंच म्हणाले, "मनावर घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी एकटीच टेप घेऊन मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं सर आले आणि त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं. त्या घरात त्यांनी पुन्हा चहा घेतला नाही.

त्या सकाळी लाज मला वाटायला नको होती, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. तरीही आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.