अण्णांना चार्ज देताना

दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवायची कथा मी चुकून आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरच्या ग्रुपवर टाकली. चांगली नऊ पानं. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. वाचली फक्त खालच्या मजल्यावरच्या देवरे अण्णांनी. त्यांचं उत्तर आलं, "तिसऱ्या पानापर्यंत कोणी काहीच केलं नाय. संध्याकाळी खाली या. टँकर उद्या येईल."

अण्णा मूळचे सटाण्याकडचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. स्वतः कधी ओळ लिहीत नसत. पण नाशिकरोडच्या आम्हा हौशी लेखकांचा जीव घ्यायचं काम त्यांनी आपण होऊन पत्करलं होतं. मी चष्मा पुसून कागद उघडले, तर म्हणाले, "ते ठेवा बाजूला. उभे राहा आणि चार्ज द्या."

प्लांटवर पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सांगून जातो : काय चालू, काय बंद, काय बिघडलंय. त्याला म्हणे चार्ज देणं म्हणतात. ज्याचा चार्ज देता येत नाही ते लिहायला घेऊ नये, असा अण्णांचा कायदा.

कथा माझ्या वडिलांची होती. देवळाली कॅम्पात त्यांचं दुकान. जवानांचे गणवेश शिवायचे. मी घसा खाकरला. "मावळतीची केशरी किरणं..."

"किरणं राहू द्या भाऊ. बिघडलंय काय?"

"दुकान बंद पडलं."

"ते बंद. मी बिघडलेलं विचारतोय."

रोज संध्याकाळी हेच. लिहिण्यासाठी मी नवं टेबल घेतलं होतं, मानेला आधार देणारी खुर्ची घेतली होती, बोललेलं टाइप करणारं ॲपसुद्धा! आणि हा गृहस्थ लसूण सोलत मला शाळेतल्या पोरासारखं उभं करत होता. अंकाची मुदत संपत आलेली. इकडे आईची नजर महिन्यागणिक मंदावत होती, आणि तिला हे छापलेलं स्वतः वाचायचं होतं. शेवटी माझा तोल सुटला.

"अहो, ते आमच्याशी बोलेनासे झाले! रोज त्या बंद मशीनला तेल घालायचे, आणि आम्ही हाक मारली तर वर बघायचे नाहीत!"

आवाज वर आमच्या घरापर्यंत गेला. अण्णांच्या हातातली पाकळी थांबली.

"हां. घेतला चार्ज. जा, लिहा आता."

नऊची चार पानं झाली. छापून आली. आईने भिंग धरून वाचली, आणि अंक उशीखाली ठेवला. अण्णांना दुसरी प्रत नेऊन दिली, तर हे म्हणतात, "दुसऱ्या पानावर एक किरण राहिलंय अजून."

यंदा ते मुलाकडे सटाण्याला कायमचे राहायला गेले. सुटलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. परवा नवं काही लिहायला बसलो, तर एक ओळ जमेना. टेबलावर चिडलो, खुर्चीवर चिडलो, मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. बायको भाकरी थापत होती.

"अण्णांचं घर बंदच आहे अजून," मी म्हणालो.

ती वर न बघता म्हणाली, "ते बंद. बिघडलंय काय, ते सांगा."